मानापमानाची वस्त्रे

मोहफुलांचा हंगाम होता आणि सती नदीचे पात्र आटत चालले होते. कुरखेड्यातील एका स्नेह्यांच्या ओसरीवर आम्ही पाचसहा जण एका मराठी वाहिनीचा पुरस्कारसोहळा पाहत बसलो होतो. सोहळा सुरू होऊन तास उलटला तरी पुरस्कार एकच दिला गेला होता. बाकी सारा वेळ लाल गालिच्यावरच्या आगमनात गेला. कोणाची नऊवारी, कोणाची पाठ उघडी टाकणारी चोळी, कोणाच्या नाकात तळहाताएवढी नथ, आणि एका नटाच्या अंगरख्यावर जरीचे दोन मोर. निवेदिका प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत होती: आज आपण काय परिधान केले आहे? यजमानांच्या आईंनी बराच वेळ हे निमूट पाहिले आणि एका नटीकडे बोट दाखवून विचारले, "लगनाले आली का व हे बाई? अन् नवरा कोटी हाये?"

आम्ही हसलो. नंतर मात्र तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. एवढा शृंगार करून माणूस जिथे जातो तिथे काही तरी विधी घडला पाहिजे, कोणी कोणाला काही तरी दिले पाहिजे, ही त्या माउलीची अपेक्षा रास्त होती. वस्त्र आणि मान यांचा संबंध तिला आमच्यापेक्षा जुना ठाऊक होता. या लेखात आम्ही त्याच संबंधाचा थोडा मागोवा घेणार आहोत.

आपल्याकडे एके काळी मान आणि वस्त्र या दोन वस्तू नव्हत्याच. मान म्हणजेच वस्त्र. पेशवाई 'मिळत' नसे, पेशवाईची 'वस्त्रे' मिळत, आणि ती सातारच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. सत्ता पुण्यास गेली, छत्रपती नाममात्र उरले, तरी वस्त्रांचा हा शिरस्ता सुटला नाही. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांनी वस्त्रे मिळविली. पुढे बारभाईंनी सवाई माधवरावांच्या नावाने वस्त्रे आणविली तेव्हा ते बाळ अवघे चाळीस दिवसांचे होते. १७७४ सालच्या त्या समारंभात त्या तान्ह्याला ती वस्त्रे अंगावर घालता येणे शक्यच नव्हते. तरीही ती आली आणि राज्य त्यांनीच सिद्ध केले. वस्त्र अंगाला बसते की नाही हा प्रश्न गौण होता.

याच्या उलट बाजूचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात औरंगजेबाच्या वाढदिवसानिमित्त मानाचे पोशाख वाटले गेले. शाहजाद्यांना मिळाले, वजिराला मिळाला, जसवंतसिंहाला मिळाला, शिवाजी महाराजांना मिळाला नाही. महाराजांचा संताप पाहून मागाहून सरपाव पुढे करण्यात आला, तेव्हा त्यांनी तो अंगावर घेण्यास साफ नकार दिला. राजस्थानी पत्रांत आलेली ही हकीकत शौर्यकथा म्हणून आपण शाळेपासून वाचतो. पण ती मूलतः वस्त्राची कथा आहे. पोशाख घेणे म्हणजे देणाऱ्याचे वरिष्ठत्व अंगावर चढविणे. ते महाराजांनी चढवू दिले नाही.

ही देण्याघेण्याची भाषा विसाव्या शतकात कशी बदलली हे पाहायचे तर १९११ हे एकच साल पुरेसे आहे. त्या वर्षी १२ मार्चला खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. दरिद्री म्हणून धैर्यधराचा अपमान करणारी श्रीमंत भामिनी वनमालेचा साधा वेश घेते आणि त्या वेशात तिला माणूस कळतो, असे त्याचे कथासूत्र. नाटकाचा उपदेश साधेपणाचा, आणि भामिनी उभी करीत होते बालगंधर्व. त्यांच्या शालूंची, पैठण्यांची, अत्तरांची कीर्ती नाटकाच्या आधी गावात पोहोचे, आणि घरंदाज स्त्रिया त्यांचे नेसणे व केशरचना पाहून आपल्या घरी त्यांचे अनुकरण करीत. म्हणजे शब्दांनी साधेपणाची महती गायची आणि पदराने वैभवाची, अशी दुहेरी बोली त्या रंगमंचावर चालू होती. प्रेक्षकांनी घरी काय नेले, हे त्या काळची छायाचित्रे सांगतात.

त्याच वर्षी बरोबर नऊ महिन्यांनी, १२ डिसेंबरला, दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. हिंदुस्थानचे संस्थानिक रत्नांनी मढून आले होते. एकेकाने पुढे जाऊन मुजरा करायचा, पाठ न दाखविता मागे सरकायचे, असा विधी. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आले ते साध्या पांढऱ्या मराठी पोशाखात, हातात काठी घेऊन. अंगावर जडजवाहीर नाही, ब्रिटिशांनी दिलेले पदकही नाही. त्यांनी एकदाच मान लवविली आणि पाठ फिरवून ते चालते झाले. यावर इंग्लंडमधील वृत्तपत्रांत गदारोळ उठला आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र पाठवावे लागले. हा अपमान जाणूनबुजून होता की गडबडीत झाला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आमच्या मते पोशाख तरी गडबडीत झालेला नव्हता. सकाळी आरशासमोर उभे राहून माणूस दागिने विसरत नाही, निदान बडोद्याचा राजा विसरत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या दरबाराचे चलच्चित्रण झाले होते. लंडनच्या चित्रगृहांत बसलेल्या प्रेक्षकांनी तो क्षण पडद्यावर पाहिला, त्याची चिकित्सा केली, कोण किती वाकला ते मोजले. मानाचा समारंभ, त्यातील पोशाख, कॅमेरा, आणि दूरवर अंधारात बसून मत देणारा प्रेक्षक, ही आजच्या पुरस्काररात्रीची चारही अंगे तिथे एकत्र आली. हेच सयाजीराव पुढे १९३२ साली कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी सहज लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कोल्हापूरचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील राजोपाध्ये कुटुंबात १९२९ साली जन्मलेल्या भानुमतींकडे वळू. भानू अथैय्या या नावाने त्यांना जग ओळखते. चित्रकलेचे शिक्षण, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर मांडलेली चित्रे, स्त्रियांच्या साप्ताहिकांसाठी काढलेली वेशरेखाटने आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून चित्रपटांची वेशभूषा, असा त्यांचा प्रवास. ११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळविणारी ही पहिली भारतीय व्यक्ती. ज्या माणसाने राजवस्त्रेच नव्हे तर अंगरखाही टाकून दिला, त्याच्या पंचाला आणि त्याच्याभोवतीच्या हजारोंच्या खादीला जगातील सर्वांत झगमगीत रात्री पारितोषिक मिळाले, यातली गंमत कोणीही पाहावी. पण आपल्या पुरस्काररात्रींत पोशाखावर घटकाघटका बोलणाऱ्यांपैकी किती जणांना पोशाख रचणाऱ्या या बाईंचे नाव सांगता येईल? नेसणारीचे नाव सर्वांना माहीत, नेसविणारी पडद्यामागे. २०१२ साली अथैय्यांनी आपली ऑस्करची बाहुली सुरक्षित राहावी म्हणून अकादमीकडे परत सोपविली. आपल्या पश्चात इथे ती नीट सांभाळली जाईल असे त्यांना वाटले नाही. २०२० साली त्या गेल्या. वस्त्रांच्या या थोर जाणकार बाईंचा हा अविश्वास आमच्या मनाला लागून राहिला आहे.

आता दूरचित्रवाणी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, रंग आले ते १५ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यानंतर अकराच दिवसांनी, २६ ऑगस्टला, चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा जन्मला. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध करण्याचा आमचा इरादा नाही. जिल्हा होऊनही इथे रंगीत पडदा घरोघर पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. कृष्णधवल असेतोवर साडीचा रंग निवेदिकेने सांगावा लागे आणि ती तो सांगत नसे. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी आली, पुढे ती झी मराठी झाली, आणि मराठी पुरस्काररात्र हा वार्षिक सण रुजला. चित्रपटांना गौरव, नाटकांना गौरव, आणि मग मालिकांना. मालिकांत तर नायक-नायिकांबरोबर आवडती सासू आणि आवडती सून यांनाही मान मिळू लागला, म्हणजे पुरस्कारांची वर्गवारी नात्यांच्या मानपानापर्यंत परत आली. याच काळात अडगळीत गेलेली नथ परतली, खण परतला, पैठणी परतली. जान्हवी नावाच्या एका मालिकेतील सुनेचे मंगळसूत्र गावोगावच्या सराफांच्या खिडक्यांत तिच्याच नावाने लागले. बालगंधर्वांच्या पदराचेच हे पुढचे पाऊल.

पण सर्वांत बोलकी गोष्ट पुरस्काररात्रीत नसून रोजच्या संध्याकाळच्या एका कार्यक्रमात आहे. २००४ साली सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'मध्ये भावोजी घरी येत, खेळ होई आणि जिंकणाऱ्या वहिनीला पैठणी मिळे. करंडक नाही, मानपत्र नाही, वस्त्र! खिलतीची जुनी रीत कोणी शिकविल्यावाचून परत आली होती. विद्वानांनी त्या कार्यक्रमाची टर उडविली. आम्हीही उडविली होती. आज वाटते, त्या बायकांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसे ते लाल गालिच्यावर क्वचितच दिसते, कारण तिथे वस्त्र उसने असते आणि इथे ते मिळालेले असे. १९२२ च्या सुमारासचे नव्हे, २०२२ सालचे सांगतो, याच कार्यक्रमाच्या एका विशेष पर्वात अकरा लाख रुपयांच्या पैठणीचे बक्षीस लावले गेले, तेव्हा मात्र वस्त्राची पुन्हा वस्तू झाली. ती साडी नेसून कोणत्या हळदीकुंकवाला जावे?

कुरखेड्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. शेजारच्या आरमोरीकडे कोसा होतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढीवर समाजाची माणसे किडे जोपासतात, पाखरांपासून राखतात आणि कोष उतरवितात. त्या रेशमाचा रंग मधासारखा असतो आणि त्याला चकाकी अशी नसतेच. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली विदर्भाची टसर साडी आम्ही एकाही पुरस्काररात्रीत पाहिलेली नाही. कदाचित प्रकाशझोतात ती उठत नसेल.

आणि नाटक. दिवाळीनंतर धान कापून झाले की झाडीपट्टीत मंडया भरतात, शंकरपट होतात आणि रात्री नाटक असते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत होळीपर्यंत हा क्रम चालतो. कुरखेड्यापासून जवळच्या वडसा गावात, म्हणजे देसाईगंजात, नाटकमंडळ्यांची कार्यालये ओळीने आहेत. फलकांवर प्रयोगांच्या तारखा लागतात आणि गावकरी येऊन सौदा करतात. रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. दंडार आणि खडीगंमत यांच्या वंशातले हे नाटक गाण्यांवाचून होत नाही, विनोदी पात्रावाचून तर नाहीच. पुण्यामुंबईकडची नटमंडळीही हंगामात इथे येऊन कामे करतात. हजारो प्रेक्षक तिकीट काढून येतात, नटांना बिदागी मिळते, मालक कर्ज काढतो व फेडतो किंवा बुडतो. याहून व्यावसायिक ते काय? तरी पुरस्कारांच्या याद्यांत नाटकांचे विभाग दोन: व्यावसायिक आणि प्रायोगिक. झाडीपट्टीचे नाटक पहिल्यात मोजले जात नाही आणि दुसऱ्यात बसत नाही. ते 'लोककला' या तिसऱ्या ओसरीवर बसविले जाते. पंगतीत घ्यायचे नाही, पण उपाशीही पाठवायचे नाही, असा हा शिष्टाचार आहे.

त्याच रात्री, त्या ओसरीवर, सूत्रसंचालकाने विदर्भी हेल काढून एक विनोद केला. 'लेकाच्या', 'काऊन बे', एवढ्या दोन शब्दांवर सभागृह लोटपोट झाले. आमच्यातील एक तरुण शिक्षक उठून पाणी प्यायला आत गेला. यजमानांच्या आई मात्र हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत, त्यांना त्यात विनोद कुठे आहे तेच कळले नाही. त्या रोज तशाच बोलतात. झाडीबोली ही शुद्ध मराठीची बिघडलेली प्रत नव्हे, ती स्वतंत्र घडणीची बोली आहे, हे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालवून दाखविले. ते सभागृहापर्यंत पोहोचलेले नाही.

पण सभागृहाला दोष देण्याआधी आम्हांस एक कबुली द्यायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका परीक्षेत 'मला आवडलेले नाटक' यावर निबंध होता. वर्गातील बहुतेकांनी पाठ्यपुस्तकाच्या आधाराने मुंबईचे एक प्रसिद्ध नाटक लिहिले, जे त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेले नव्हते. एका मुलीने आदल्या आठवड्यात मंडईत पाहिलेले नाटक लिहिले. नायिकेने तिसऱ्या अंकात आईचे जुने लुगडे नेसून प्रवेश केला तेव्हा बायका कशा रडल्या आणि आपली आजी 'तेच लुगडं हाये' असे कसे पुटपुटली, हे तिने दोन परिच्छेद लिहिले होते. आम्ही समासात तांबड्या शाईने 'विषयांतर' असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले. वेशभूषेचे नाट्यगत कार्य याहून नेमके सांगणारे लेखन त्यानंतर फारसे आमच्या वाचनात आलेले नाही. त्या वेळी ते आम्हांस दिसले नाही, कारण त्या नाटकाचा लेखक आमच्या कोणत्याही यादीत नव्हता.

२०२३ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची यादी आली. कलेच्या विभागात, महाराष्ट्रातून, पद्मश्रीसाठी दोन नावे एकाच यादीत होती: रवीना टंडन आणि परशुराम कोमाजी खुणे. पहिले नाव देशाला माहीत होते. दुसरे कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे. 'विदर्भाचे दादा कोंडके' ही त्यांची ओळख, सुमारे ८०० नाटकांतून ५,००० हून अधिक प्रयोग, आणि बहुतेक विनोदी भूमिका. त्याच वसंतात एम. एम. कीरवाणी ऑस्कर घेऊन आले आणि त्यांनाही याच यादीतून पद्मश्री मिळाली. म्हणजे लॉस एंजेलिसचा मंच, मुंबईचा पडदा आणि गुरनोलीचा मंडईतला तंबू एका कागदावर आले होते.

राष्ट्रपती भवनातील सोहळ्याची रीत दूरचित्रवाणीच्या पुरस्काररात्रीच्या अगदी उलट. नाव पुकारले जाते, माणूस चालत येतो, राष्ट्रपती पदक लावतात आणि सनद देतात, छायाचित्र निघते, माणूस परततो. रोख रक्कम नाही, आभाराचे भाषण नाही, काय परिधान केले आहे असे कोणी विचारीत नाही. नावापुढे लावण्याची पदवीही ही नव्हे. सनद तेवढी पेशवाईतली उरली आहे, वस्त्रे गेली. अशा सोहळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या दालनाला त्या वेळी दरबार हॉल म्हणत, जुलै २०२४ मध्ये त्याचे नाव गणतंत्र मंडप झाले. आम्हांस नामांतरांचे फारसे कौतुक नसते, पण १९११ चा विचार करीत असताना हे नामांतर नजरेत भरले.

खुणे यांना राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पद्मश्री मिळाली ते चित्रण आम्ही त्याच ओसरीवर पाहिले. ज्या माणसाला आम्ही आयुष्यभर फेंगडे चालताना, पडताना, टोपी उलटी घालून लोकांना पोट धरून हसविताना पाहिले, तो सरळ चालत होता. आमच्यापैकी कोणीही कपड्यांविषयी चकार शब्द काढला नाही. खरे सांगायचे तर सारा प्रसंग इतका लवकर संपला की कोणाला श्वास घ्यायलाही फुरसत झाली नाही. मग यजमानांच्या आईंनी विचारले, "बोलू नाई देल्लन का तेले?" कोणी तरी समजाविले की तिथे बोलायचे नसते. त्यांचे समाधान झाले नाही. इतक्या लांबून बोलावून नेलेल्या माणसाला, तेही नाटकवाल्याला, एक वाक्यसुद्धा बोलू दिले नाही, हे त्यांच्या मते मानाला धरून नव्हते.

निबंधाचा तो कागद आमच्याजवळ नाही. ती मुलगी आता वडशाकडे असते, असे ऐकतो. मागच्या हंगामात एका मंडईत रात्री दोनच्या सुमारास, तिसऱ्या अंकाआधी, ती आम्हांस दिसली. मांडीवर तिचे मूल झोपले होते. आम्ही जवळ जाऊन तिला त्या चार गुणांविषयी काही म्हणावे असे ठरवीत होतो, तेवढ्यात पेटीवाल्याने सूर धरला आणि पुढच्या रांगेतील लोकांनी आम्हांस खाली बसा म्हणून ओरडून सांगितले.